देशी गॅस, व्हाइट कोल की वीज? मकरपुऱ्यातल्या एका फरसाणवाल्याला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत भाकरवडी, शेव, चिवड्याचं मध्यम आकाराचं युनिट आहे. तळणीच्या कढया थर्मिक फ्लुइड हीटरवर चालतात (तो पाइपांतून फिरणारं वेगळं तेल तापवतो आणि ते तेल कढईला उष्णता देतं) आणि हीटर पाइपच्या गॅसवर. बिल झेपत नाही. शेजारचा व्हाइट कोलवर, म्हणजे शेतातला काडीकचरा दाबून केलेल्या कांड्यांवर गेला आणि रोज येऊन चिडवतो. तुम्ही विचारता की गॅस अंकलेश्वरला निघतो, खंभातला निघतो, पाइप आपल्या दारावरून जाते, मग भाव परदेशी का? देशात गॅस वाढला की स्वस्त होईल का? तोवर थांबू की इंधन बदलू? आणि जाता जाता, आई घरी इंडक्शन घ्यायचं म्हणतात, तर घेऊ का?

थांबू नका. देशी गॅस वाढेल, पण तो तुमच्या कढईखाली येईल याची शक्यता फार कमी, आणि आला तरी स्वस्त येणार नाही. इंधन बदलायचं की नाही हा मात्र वेगळा हिशेब आहे आणि तो शेजाऱ्याच्या बिलावरून करायचा नसतो. बॉयलर आणि बर्नरच्या धंद्यात उभं आयुष्य गेलंय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

बडोदेकरांना गॅस आपला वाटतो त्यात गैर काही नाही. १९५८ मध्ये खंभातजवळ लुणेजला तेल लागलं, १९६० मध्ये अंकलेश्वरला, १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली. १९७२ मध्ये इथल्या महापालिकेनं घरोघरी नळानं गॅस द्यायला सुरुवात केली. मुंबई-कलकत्त्यात त्याआधी शंभर वर्षं कोळशापासून काढलेला गॅस होता, पण जमिनीतून निघालेला नैसर्गिक गॅस घराघरात नेणारं देशातलं पहिलं शहर आपलं. पुण्यातले नातेवाईक सिलिंडरच्या नंबरासाठी वर्षानुवर्षं वाट बघत होते, तेव्हा इथल्या काही घरांत चावी फिरवली की शेगडी पेटायची.

पण तो गॅस बराचसा तेलाबरोबर निघणारा होता. तेलाच्या विहिरी म्हाताऱ्या झाल्या, तेलापेक्षा पाणी जास्त यायला लागलं, तसा गॅसही आटत गेला. आज पाइपमधून जो येतो तो अंकलेश्वरचाच असेल असं नाही. समुद्रातल्या वसई क्षेत्रातून हजिऱ्याला उतरलेला, पूर्व किनाऱ्यावरून आलेला, दहेजला जहाजातून उतरवलेला, सगळा एकाच जाळ्यात मिसळतो. कुणाला कुठला मिळाला हे पाइप ठरवत नाही, करार ठरवतो.

आता भावाचं. "आपला गॅस आपल्याला स्वस्त" हा वाद बडोद्यानं फार पूर्वी लढून हरलेला आहे. इथल्या गॅस वापरणाऱ्या उद्योगांचं म्हणणं होतं की ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीनं काढायचा खर्च अधिक रास्त नफा एवढाच भाव लावावा. ओएनजीसीचं म्हणणं, गॅस नसता तर तुम्ही जे इंधन जाळलं असतं त्याच्या उष्णतेच्या हिशेबानं भाव लागेल. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९० मध्ये न्यायालयानं ओएनजीसीची बाजू मान्य केली. त्यानंतर सूत्रं कितीतरी बदलली, पण मूळ विचार तोच राहिला. गॅसचा भाव ठरतो तो त्याच्याऐवजी काय जळलं असतं यावर. आजचं सूत्रही तसंच आहे. एप्रिल २०२३ पासून जुन्या क्षेत्रांतल्या गॅसला भारतीय क्रूडच्या भावाच्या १० टक्के, आणि त्यावर झाकण, म्हणजे कमाल भाव, ६.५ डॉलर प्रति एमएमबीटीयू (हे उष्णतेचं माप, पुढे येईलच). हे झाकण आता दरवर्षी पाव डॉलरनं वर सरकतं. त्याच क्षेत्रांतल्या नव्या विहिरींच्या गॅसला १२ टक्के, झाकण नाही.

झाकणाखालचा हा स्वस्त गॅस आधी घरगुती नळ आणि सीएनजीला जातो. २०१४ पासून तसं धोरण आहे. तुम्ही औद्योगिक ग्राहक, रांगेत मागे. आणि हल्ली रांगेत पुढे असणाऱ्यांनाही पुरत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२४ मध्ये शहरी गॅस कंपन्यांचं या स्वस्त गॅसचं वाटप लागोपाठ दोनदा कापलं गेलं, कारण जुनी क्षेत्रं दरवर्षी थोडी थोडी खाली चालली आहेत. तेव्हा तुमच्या बिलात जो आहे तो बहुतांशी आयात एलएनजी, म्हणजे जहाजातून येणारा द्रवरूप गॅस, किंवा त्याच्या आसपासच्या भावाचा गॅस. वर नैसर्गिक गॅस अजून जीएसटीत नाही. त्यावरचा व्हॅट तुमच्या खर्चात जातो, परतावा मिळत नाही. एलपीजी आणि व्हाइट कोल जीएसटीत आहेत. दोन इंधनांचे दर शेजारी शेजारी लिहिताना ही गोष्ट निम्मे लोक विसरतात.

मग देशात गॅस वाढवायचे प्रयत्न चालू नाहीत का? आहेत, आणि त्यातल्या दोन कहाण्या तुम्हाला माहीत असलेल्या बऱ्या. देश दिवसाला सुमारे १९ कोटी घनमीटर गॅस वापरतो आणि त्यातला साधारण निम्मा इथे निघतो. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात रिलायन्सला २००२ मध्ये मोठा साठा सापडला, एप्रिल २००९ मध्ये उत्पादन सुरू झालं आणि वर्षभरात दिवसाला सहा कोटी घनमीटरवर गेलं. सगळ्यांनी हिशेब मांडले, गॅसवरची वीजकेंद्रं उभी केली. मग विहिरींत पाणी आणि वाळू शिरायला लागली, दाब पडला, आणि चारेक वर्षांत उत्पादन दीड कोटीच्याही खाली आलं. ती वीजकेंद्रं कितीतरी वर्षं नुसती उभी होती. पुढे डिसेंबर २०२० पासून त्याच ब्लॉकमधली जास्त खोल पाण्यातली क्षेत्रं सुरू झाली आणि उत्पादन पुन्हा तीन कोटींच्या आसपास गेलं. म्हणजे गॅस खोटा नव्हता, वेळापत्रक खोटं होतं.

दुसरी कहाणी आपल्या गुजरातची. २००५ मध्ये जीएसपीसी या गुजरात सरकारच्या कंपनीच्या त्याच खोऱ्यातल्या ब्लॉकमध्ये २० लाख कोटी घनफूट गॅस असल्याचं जाहीर झालं. तिथलं तापमान आणि दाब दोन्ही भयंकर, खडक घट्ट. अपेक्षा, खर्च आणि हातात आलेला गॅस यांचा मेळ बसलाच नाही. २०१७ मध्ये ओएनजीसीनं त्यातला ८० टक्के हिस्सा विकत घेतला. जमिनीखाली किती आहे, त्यातला किती काढता येतो आणि किती परवडेल अशा भावात काढता येतो, हे तीन वेगळे आकडे आहेत. बातमीत नेहमी पहिला छापून येतो.

बाकीचं झटपट सांगतो. कोळशाच्या थरातला मिथेन शहडोलकडे आणि राणीगंजला निघतो, उपयोगी आहे, पण एकूण आकड्यात लहान. शेल गॅससाठी, म्हणजे घट्ट खडक फोडून काढायच्या गॅससाठी, २०१३ मध्ये ओएनजीसीनं आपल्या जंबुसर भागात विहीर खोदली होती. अमेरिकेसारखं काही घडलं नाही. त्याला पाणी आणि मोकळी जमीन प्रचंड लागते, आणि आपल्याकडे दोन्हींवर आधीच कुणीतरी बसलेलं असतं. समुद्रतळाखालचे हायड्रेट, बर्फात अडकलेला मिथेन, म्हणजे अजून प्रयोगशाळेतली गोष्ट. कोळशाचं गॅसिफिकेशन, म्हणजे कोळशापासून गॅस करणं, सरकारनं मनावर घेतलंय, पण तो गॅस खत आणि रसायनांच्या मोठ्या कारखान्यांसाठी. तुमच्या नातवाच्या काळात यातलं काय चालेल यावर मी पैज लावणार नाही.

बायोगॅस मात्र मला मनापासून आवडतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. इंदूरला फेब्रुवारी २०२२ मध्ये रोज ५५० टन ओला कचरा घेऊन १७ टन बायो-सीएनजी करणारा प्रकल्प सुरू झाला. शहरासाठी उत्तम काम आहे. पण १७ टन म्हणजे सुमारे २४ हजार घनमीटर. देशाची एका दिवसाची भूक भागवायला असे जवळजवळ आठ हजार प्रकल्प लागतील. म्हणून आयात थांबेल म्हणून नव्हे, कचरा आणि शेण कुठेतरी घालवायचंच आहे म्हणून ते करायचं. शहरी गॅस कंपन्यांवर आता बायोगॅस मिसळायचं बंधन आहे, २०२५-२६ मध्ये एक टक्का, २०२८-२९ पर्यंत पाच टक्के.

तुमच्या युनिटमध्ये? शेणाला विसरा, २५ किलो शेणाला जेमतेम एक घनमीटर गॅस, आणि एक घनमीटर म्हणजे अर्ध्या किलोपेक्षाही कमी एलपीजी. पण बटाट्याची सालं, वाया गेलेलं पीठ, मोडकी भाकरवडी यातला स्टार्च शेणाच्या कितीतरी पट गॅस देतो. पुण्याच्या आरती संस्थेत डॉ. आनंद कर्व्यांनी घरगुती संयंत्र याच तत्त्वावर बनवलं. कामगारांच्या जेवणाचा स्वयंपाक त्यावर निघेल. तळणीची कढई निघणार नाही. आणि त्यात वापरलेलं तेल ओतू नका, टाकी आंबट होऊन महिनाभर बसते.

आता मुख्य हिशेब. इंधनं भावानं नाही, कामी येणाऱ्या उष्णतेनं तोलायची. गॅसच्या एका घनमीटरमधून प्रत्यक्ष वापरता येणारी उष्णता साधारण ८,५०० किलोकॅलरी. बिल मात्र ९,५००च्या आसपासच्या 'ग्रॉस' आकड्यावर येतं, कारण त्यात धुरातल्या वाफेची उष्णता धरलेली असते, आणि ती तुमच्या चिमणीतून निघून जाते. बिल एमएमबीटीयूमध्ये असेल तर एक एमएमबीटीयू म्हणजे २,५२,००० किलोकॅलरी, म्हणजे साडेसव्वीस घनमीटर धरा. गॅसचा हीटर ८५ टक्के कार्यक्षमतेनं चालला तर एका घनमीटरमागे सव्वासात हजार किलोकॅलरी हीटरच्या तेलात उतरतात.

चांगला व्हाइट कोल ३,८०० किलोकॅलरीचा, त्याचा हीटर ६५ टक्क्यांवर चालतो, म्हणजे किलोमागे अडीच हजारांना थोडी कमी. यावरून एक घनमीटर गॅस बरोबर साधारण तीन किलो व्हाइट कोल. एलपीजी घ्याल तर एक किलो म्हणजे सव्वा घनमीटरहून थोडं जास्त. विजेचं एक युनिट ८६० किलोकॅलरी, त्यातली थोडी वाया जाते, तेव्हा एका घनमीटरला पावणेनऊ युनिटं. आज तुमच्या हातात जे दर आहेत ते या गुणोत्तरांत घाला. दर महिन्याला हलतात, गुणोत्तरं हलत नाहीत.

बहुतेक वेळा व्हाइट कोल स्वस्त निघेल, हे मी आधीच सांगतो. शेजारी खोटं बोलत नाही. तो अर्धं सांगत नाही एवढंच.

पहिलं म्हणजे माल. शेंगदाण्याच्या टरफलांची कांडी चांगली, राख तीन-चार टक्के. कपाशीच्या काड्यांचीही बरी. भाताच्या तुसाची मिसळ असेल तर राख वाढते, चिकट खडे होतात आणि जाळीवर बसतात. पावसाळ्यात माल ओला येतो आणि भाव वर जातो, दोन्ही एकाच वेळी. सप्लायर जो उष्मांकाचा रिपोर्ट दाखवतो तो हवेत सुकवलेल्या नमुन्याचा असतो. तुम्हाला हवा तो ट्रकमधून उतरलेल्या मालाचा. गेटवर करण्यासारखी एक परीक्षा आहे. दोन कांड्या बादलीभर पाण्यात टाका. तासाभरात फुगून भुसा होतो. तो हातानं ढवळून वरचा गाळ ओता, तळाशी माती-वाळू किती उरते ते बघा. माती वजनात विकणारे कमी नाहीत. दुसरं, तुमच्याकडे मसाल्याचा बारीक काटा आहेच. शंभर ग्रॅम कांडी लोखंडी वाटीत पूर्ण जाळा आणि राख तोला. आठ ग्रॅमच्या वर गेली तर ट्रक परत. हे दर ट्रकला करायचं, फक्त पहिल्या ट्रकला नाही, कारण पहिला ट्रक सगळेच चांगला पाठवतात.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. गॅसच्या हीटरची वीज गेली की सोलेनॉइड, म्हणजे गॅसचा विजेवरचा व्हॉल्व्ह, बंद होतो, आग त्याच क्षणी विझते. व्हाइट कोलची भट्टी विझत नाही. पंप थांबलेला, कॉइलमध्ये, म्हणजे भट्टीतल्या पाइपच्या वेटोळ्यात, २५० अंशांचं तेल जागच्या जागी उभं, खाली निखारे धगधगत. तेल कॉइलमध्येच जळून कोक होतं, कॉइल फुगते, आणि एखाद्या दिवशी फाटून गरम तेल आगीवर पडतं. म्हणून घन इंधनावर जायचं तर पंपासाठी आपोआप सुरू होणारा जनरेटर हवा, आणि तोही सुरू झाला नाही तर वरच्या टाकीतलं थंड तेल कॉइलमधून वाहून खालच्या टाकीत उतरेल अशी सोय हवी. स्वस्त हीटर विकणारा हे कोटेशनमध्ये लिहीत नाही. तुम्ही मागा. लिहून देत नसेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

तिसरं, फायरमन लागतो, राख उचलायला माणूस लागतो, धूळ पकडायला सायक्लोन आणि बॅग फिल्टर लागतो, गोदाम लागतं. आणि खाण्याचा माल बनवणाऱ्या जागेत उडणारी राख हा प्रकार मला पहिल्यापासून खटकतो. हीटर मागच्या बाजूला, वाऱ्यानं राख युनिटकडे न येता बाहेर जाईल असा बसत असेल तरच. शिवाय जीपीसीबीच्या (गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) संमतीपत्रात इंधन लिहिलेलं असतं. ते बदलून घेण्याआधी एक कांडीही जाळू नका. मोरबीच्या सिरॅमिकवाल्यांना मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं कोळशाचे गॅसिफायर बंद करायला लावले, आणि सगळा गाव एकदम गॅसवर आला. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर एलएनजी भडकला, तेव्हा तेच लोक प्रोपेनकडे वळले. त्यातले शहाणे ते, ज्यांनी दोन्हींवर चालणारी सोय ठेवली होती.

तुमच्यासाठीही मी तेच सुचवीन. गॅसचा हीटर विकू नका. जागा असेल आणि वर सांगितलेल्या अटी झेपत असतील तर व्हाइट कोलचा हीटर बाजूला बसवा, रोजचा पायाभूत भार त्यावर टाका, आणि सकाळची सुरुवात, सणाची गर्दी, पावसाळ्यातला ओला माल यासाठी गॅस ठेवा. जागा नसेल तर गॅसवरच राहा. मग पुढचं वाचा.

पुढचं म्हणजे, इंधन बदलण्याआधी गळती बुजवा. चिमणीच्या धुराचं तापमान मोजा. साधारण २२ अंश कमी केले की एक टक्का इंधन वाचतं. बहुतेक युनिटांत तो धूर ३०० अंशांच्या आसपास जातो. एअर प्रीहीटर (धुराच्या उष्णतेनं भट्टीत जाणारी हवा तापवणारा) लावून तो २०० वर आणलात तर चार-साडेचार टक्के तिथेच सुटले. धुरातला ऑक्सिजन तीन टक्क्यांच्या आसपास हवा. सातवर असेल तर तुम्ही बाहेरची हवा तापवून आकाशात सोडताय. हीटरपासून कढईपर्यंतच्या तेलाच्या पाइपांवर हात धरून चाला (पाइपावर नव्हे, इन्सुलेशनच्या पत्र्यावर). जिथे हात टेकवत नाही तिथे लोकर ओली किंवा गळून गेलेली आहे. फ्लँज आणि व्हॉल्व्ह तर सगळीकडे उघडेच असतात, त्यांना काढता-घालता येणारी जॅकेटं मिळतात. भांडी आणि ट्रे धुवायचं पाणी साठ-सत्तर अंशांचं लागतं, ते गॅसवर तापवणं बंद करा. छतावर सोलर वॉटर हीटर बसवा. १७५ अंशांची तळणी सूर्यावर करायच्या मागे मात्र लागू नका. वाघोडियाजवळ गोरजच्या मुनी सेवा आश्रमात मोठ्या आरशांच्या सूर्यताटल्या आहेत, जाऊन बघण्यासारख्या आहेत, पण त्या सांभाळायला तिथे जी माणसं आणि जो धीर आहे तो आपल्या शिफ्टमध्ये नाही.

नवी इंधनं विचाराल तर दोन लक्षात ठेवा. पुण्याच्या एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डायमिथाइल इथरवर, एलपीजीसारख्या जळणाऱ्या वायूवर, चांगलं काम झालंय, आणि मानक ब्युरोनं एलपीजीत ते २० टक्क्यांपर्यंत मिसळायला मानक काढलं आहे. आपण एलपीजीचा ६० टक्क्यांच्या आसपास भाग आयात करतो, तोही बहुतेक आखातातून, म्हणून हे महत्त्वाचं. दुसरं, जानेवारी २०२३ पासून सुरतजवळ कवासच्या एनटीपीसी वसाहतीत नळाच्या गॅसमध्ये थोडा हायड्रोजन मिसळून देतात. दोन्ही चांगली, दोन्ही आज तुम्हाला विकत मिळणार नाहीत.

आईंच्या इंडक्शनबद्दल. नळाच्या गॅसच्या शेगडीचं मानक किमान ५५ टक्के कार्यक्षमता मागतं, एलपीजीचं ६८ टक्के, आणि इंडक्शन ८५ टक्क्यांच्या आसपास. हिशेब केला तर एक घनमीटर नळाचा गॅस साडेसहा युनिटांना थोडा कमी, आणि १४.२ किलोचं सिलिंडर साधारण १४५ युनिटांबरोबर. छतावर सोलर पॅनल असेल तर इंडक्शन नक्की घ्या, नसेल तर नळाचा गॅस पैशात बहुधा बरोबरीचा किंवा थोडा स्वस्त निघेल. तरी एक घेऊन ठेवा. डाळ-भात, चहा, दूध त्यावर, आणि पोळी-भाकरी गॅसवर. भाकरी इंडक्शनवर फुगत नाही, त्यावर वाद घालायला मी तयार नाही. जुनी सिलिंडरची शेगडी नळाला जोडणार असाल तर नोझल बदलायला लावा. मोठ्या भोकाचं लागतं. गॅस डिटेक्टर नळाच्या गॅसला छताजवळ, सिलिंडरला जमिनीजवळ, कारण एक वर जातो आणि दुसरा खाली साचतो.

शेवटी करार. तुमच्या गॅस करारात एमजीओ असेल, म्हणजे इतका गॅस वापरा नाहीतर न वापरता पैसे भरा. फरसाणवाले तो दिवाळीच्या खपावर सही करून बसतात, कारण तेव्हा ते खुशीत असतात. गेल्या दोन वर्षांची महिनावार बिलं काढा, सगळ्यात मंद महिना कुठला ते बघा. नूतनीकरणाला त्या महिन्याच्या रोजच्या खपाइतका आकडा मागा. व्हाइट कोलचा हीटर बसवायचा ठरलं तर आधी हा आकडा खाली आणून घ्या आणि मगच हीटरची ऑर्डर द्या, नाहीतर दोन्ही इंधनांचे पैसे एकाच महिन्यात भराल.